दोन मैत्रिणी, एक मुलगा: टीनएज कादंबरी घ्यायच्या आधी कशी तपासायची

मागच्या मे महिन्यात भाचीच्या वाढदिवसाला मी एक इंग्लिश कादंबरी घेतली. भाची नववीत. कव्हरवर पाठमोऱ्या दोन मुली, मधे सायकल, आणि मागे लिहिलेलं की बालवाडीपासूनच्या जिवलग मैत्रिणी, शाळेत नवीन आलेला मुलगा, दोघींना तोच आवडतो वगैरे. ३९९ रुपये मोजले. पोरीने दोन दिवसांत संपवलं आणि फोन केला, "मावशी, त्या दोघी मैत्रिणी होत्या कशावरून?"

म्हटलं अगं पहिल्याच पानावर लिहिलंय की.

"लिहिलंय गं, पण दिसत कुठेच नाही."

मग मी पण वाचलं आणि पोरगी शंभर टक्के बरोबर निघाली. तीनशे पानांत त्या दोघी एकमेकींशी एकदाही धड गप्पा मारत नाहीत, जे काय बोलणं आहे ते सगळं त्या मुलावरून, त्यामुळे पुढे एक दुसरीच्या फोनमधले मेसेज वाचते आणि मग रडारड, ब्लॉक करणं, कँटीनमध्ये तमाशा, तेव्हा आपल्याला काही म्हणजे काही वाटत नाही. तुटायला आधी काहीतरी असावं लागतं ना.

तेव्हापासून मी अशी पुस्तकं घ्यायच्या आधी दहा मिनिटं घालवते, दुकानात उभ्या उभ्या नाहीतर किंडलवर फ्री सँपल उतरवून. कसं ते सांगते.

आधी मागचा मजकूर वाचा आणि फक्त एवढंच शोधा की या दोघी एकत्र करतात काय. मुलाबद्दल भरपूर माहिती असते, गिटार वाजवतो, डोळे घारे, भूतकाळात काहीतरी दुःख. मुलींबद्दल काय, तर "बेस्ट फ्रेंड्स". बस. असं दिसलं की लगेच ठेवून देऊ नका, कारण हा मजकूर बऱ्याचदा लेखिकेने लिहिलेलाच नसतो, पण सावध व्हा. आणि कव्हरवरच "तू कोणाच्या बाजूने?" टाइप काही असेल तर जास्तच सावध. ट्वायलाइट या व्हॅम्पायरवाल्या प्रेमकथेच्या वेळी, नायिकेने दोघांपैकी कोणाला निवडावं यावरून, टीम एडवर्ड की टीम जेकब असे टी-शर्ट निघाले होते, त्या पुस्तकात निदान दोन बाजू तरी होत्या, इथे नुसतेच टी-शर्ट छापायची घाई असते.

मग सँपल. अ‍ॅलिसन बेकडेल नावाची अमेरिकन कॉमिक्सवाली आहे, तिच्या १९८५ च्या एका स्ट्रिपमध्ये सिनेमासाठी एक नियम आलाय: त्यात किमान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला हव्यात. कल्पना आपल्या मैत्रिणीची, लिझ वॉलेसची, हे ती स्वतःच सांगते. मी हाच नियम जरा कडक करून लावते: पहिल्या तीन प्रकरणांत दोघी मैत्रिणी पानभर तरी त्या मुलाशिवाय दुसऱ्या विषयावर बोलतायत का? पीटीचे सर, आईची कटकट, पाळी, मार्क, काहीही चालेल.

नुसत्या बोलण्यापेक्षाही एखादी सवय दिसली तर फार बरं. म्हणजे समजा दोघी रोज क्लास सुटल्यावर एका प्लेटमध्ये पाणीपुरी खातात आणि शेवटची सुकी पुरी कायम एकच जण खाते, कारण दुसरी म्हणते की तिला मसाला सोसत नाही. मग शंभर पानांनंतर एक दिवस दुसरी ती पुरी उचलते आणि तोंडात टाकते, काही न बोलता. झालं! भांडण सुरू झालेलं आपल्याला कळलं, आणि इतकी वर्षं मसाल्याचं खोटं सांगून ती पुरी सोडत होती हेही कळलं. असं एक जरी काही सापडलं तर मी पुस्तक घेते, बाकीचं जाऊ दे.

तिसरी टेस्ट माझी सगळ्यात आवडती. मैत्री काढून बघायची. दोघी मैत्रिणी नसून फक्त एका वर्गातल्या दोन मुली आहेत असं समजा, गोष्ट तशीच चालते का? चालत असेल तर पुस्तक पोकळ आहे.

याला उदाहरण देते आणि तेही काही थोर साहित्याचं नाही. स्वीट व्हॅली हाय. आमच्या पिढीने लायब्ररीतून आणून कव्हर घालून वाचलेली सिरीज, १९८३ मध्ये सुरू झालेली. अक्षरशः कारखाना होता तो, फ्रान्सिन पास्कल आराखडा द्यायची, लिहिणारे पडद्यामागे वेगवेगळे आणि कव्हरवर नाव केट विल्यम. (२००८ ला परत काढली तेव्हा जुळ्या बहिणींच्या कपड्यांचा साइझ ६ वरून ४ केला, म्हणजे आधीच बारीक असलेल्या पोरी अजून बारीक! यावर मी वेगळं बोलेन कधीतरी.) पण पहिल्याच पुस्तकात काय होतं बघा. जेसिका आणि एलिझाबेथ, म्हणजे याच जुळ्या बहिणी, दोघींना बास्केटबॉल खेळणारा टॉड आवडतो. जेसिका एका बारच्या भानगडीत पोलिसांच्या तावडीत सापडते आणि नाव एलिझाबेथचं खराब होतं, चेहरा सेम ना! जेसिका गप्प बसते. आता यातून बहिणी असणं काढा, गोष्ट जागेवर कोसळते. भाषा सुमार, टॉड म्हणजे चालता फिरता पुठ्ठा, तरी आम्ही वाचत होतो ते यामुळे.

मराठीत बघायचं तर मिलिंद बोकीलांची 'शाळा' कादंबरी. तिथे मैत्रिणी नाहीत, नववीतली पोरं आहेत, काळ आणीबाणीचा, पण अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये बसून त्यांच्या ज्या टवाळक्या चालतात त्या पानोपानी आहेत, म्हणून त्यातल्या नायकाचं, जोशीचं, प्रेमप्रकरण एकट्याचं राहत नाही.

मुलाला पण तपासा हं. मधलं कुठलंही पान उघडा, तो जिथे बोलतोय ती वाक्यं वाचा. "तू बाकीच्या मुलींसारखी नाहीस" हे सापडलं तर पुस्तक हळूच खाली ठेवा.

रिव्ह्यू वाचायचे तर तीन स्टारवाले. पाच स्टारवाले "एका बैठकीत संपवलं" म्हणतात, एक स्टारवाले कुरियरवर चिडलेले असतात. तीनवाला बिचारा नीट सांगतो काय जमलंय काय नाही. वयाचंही बघून घ्या. अशा पुस्तकांना यंग अडल्ट म्हणतात, ते म्हणजे अमेरिकन लायब्ररीवाल्यांच्या हिशोबाने १२ ते १८, आणि सहावीतल्या पोरीला चालेल ते आणि बारावीतल्या पोरीला चालेल ते एक नसतं.

आणि वाचणारे तुम्ही नसाल तर शेवटचं प्रकरण खुशाल बघा. मुलाच्या बाबांची अचानक बदली, दोघी मिठी मारून रडतात, असं असेल तर लेखिकेनेच पळ काढलाय. आमच्या ३९९ वाल्यात बाबांना सिॲटलला नोकरी लागते.

फसलंच एखादं पुस्तक तर पोरांसमोर "काय कचरा आणला मी" करू नका. मी भाचीला म्हटलं, या दोघींच्या मैत्रीचं जे प्रकरण राहिलंय ते तूच लिही. तिने वहीची चार पानं लिहिली, त्यात दोघी एकीच्या आजीच्या औषधाच्या गोळ्या डब्यात वारानुसार भरतायत आणि बुधवारची गोळी सापडत नाहीये. मुलाचं नावसुद्धा नाही. मूळ पुस्तक तिने वर्गातल्या मैत्रिणीला दिलंय, तिला म्हणे ते भयंकर आवडलं, त्यावरून दोघींचं वाजलंय, आणि पुस्तक अजून परत आलेलं नाही.