खरबुजाचं लिकर: कॉकटेल कसं जमवावं, आणि लिकर नसेल तर काय करावं

हिरव्यागार बाटलीतलं खरबुजाचं लिकर, म्हणजे त्या फळाच्या चवीची गोड दारू, म्हटलं की पहिलं नाव येतं मिदोरीचं. जपानच्या सनटोरी कंपनीने ते 1978 मध्ये अमेरिकेत आणलं. त्यात अल्कोहोल साधारण 20 टक्के असतं. पण ते गोडमिट्ट असतं, नुसतं प्यायला अजिबात मजा नाही. त्याला भरपूर आंबट लागतं, आणि विदर्भात लिंबाला तोटा नाही.

सर्वांत सोपं म्हणजे मिदोरी सावर. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात 45 मिली लिकर, 25 मिली ताजा लिंबाचा रस आणि मूठभर बरफ घाला. डबा हाताला गार लागेपर्यंत जोरात हलवा. मग ग्लासात गाळा आणि वरून थोडा सोडा ओता. आणखी कडक हवं असेल तर जॅपनीज स्लिपर करा: मिदोरी, क्वांत्रो (संत्र्याच्या चवीचं लिकर) आणि लिंबाचा रस, तिन्ही 30-30 मिली. हे मेलबर्नमध्ये 1984 च्या सुमारास जन्मलं.

आपल्या तालुक्याच्या दुकानात ही बाटली क्वचितच दिसते. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे, तिथे हा विषय इथेच संपतो. बाकी ठिकाणीही कडक दारूसाठी वयाची 25 वर्षं आणि परवाना लागतो. घरी दारू गाळणं हा गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊ नका.

खरी चव मात्र फळात आहे. वैनगंगेच्या रेतीतल्या वाड्यांतलं उन्हाळी खरबूज घ्या. देठाजवळ हुंगून पाहा. तिथे वास नसेल तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. बिया काढून अर्धा किलो गर घ्या, बारीक फोडी करा, त्यावर पाव किलो साखर आणि चिमूटभर मीठ घाला. झाकून चार तास फ्रिजमध्ये ठेवा, साखर आपोआप रस ओढून घेईल.

चुलीवर चढवू नका! सरबताचा पाक करायची सवय इथे नडते. उष्णतेने खरबुजाचा नाजूक सुगंध उडतो आणि शिजलेल्या भोपळ्यासारखा वास मागे राहतो. मलमलच्या फडक्यातून हलकेच गाळा, गर पिळू नका, नाहीतर रस गढूळ होतो. दोन चमचे लिंबाचा रस घालून स्वच्छ काचेच्या बाटलीत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवा.

रस केशरी आला म्हणून हिरवा रंग टाकू नका. बाटलीतल्या लिकरचा तो भडक हिरवाही रंग घालूनच आणलेला असतो.

आता 45 मिली रस, 25 मिली लिंबाचा रस, बरफ आणि गार सोडा. लिंबू कमी करू नका. घरातली लेकरं आणि न पिणारे पाहुणे हेच घेतील. पिणाऱ्यांनी, परवाना असेल तर, आपल्या ग्लासात 30 मिली व्होडका घालावी आणि गावाकडे परत मोटरसायकल चालवायची असेल तर घालूच नये.

उरलेला गर दह्यात कालवा. बिया धुऊन वाळवल्या की सोलून ठंडाईत वापरता येतात.