इंटरप्ट वाटायला बसताय? आधी आयआरक्यूबॅलन्स बंद करा

लिनक्स सर्व्हरवर नेटवर्क कार्डाचे इंटरप्ट, म्हणजे पॅकेट आलं की कार्ड प्रोसेसरला देतं ती हाक, ठरावीक कोअरवर हाताने वाटायचे असतील तर सगळ्यात आधी आयआरक्यूबॅलन्स, म्हणजे इंटरप्ट आपोआप वाटणारी सर्व्हिस, बंद करा, बाकीचं नंतर वाचा. मागच्या वेळी मी नेटवर्क कार्डाच्या आठही रांगा (प्रत्येक रांगेचा स्वतःचा इंटरप्ट) ० ते ७ कोअरवर हाताने लावल्या, ८ ते १५ डेटाबेससाठी मोकळे ठेवले, आकडे बघून खूश झालो आणि चहा घेऊन येतो तर तीन रांगा थेट डेटाबेसच्या डोक्यावर जाऊन बसलेल्या. मग कार्डाला शिव्या, ड्रायव्हरला शिव्या, स्क्रिप्ट दोनदा नव्याने लिहिली, रात्रीचे दोन वाजले. ही सर्व्हिस दर १० सेकंदांनी लोड बघते आणि तिला वाटलं की इंटरप्ट हलवते, तुम्ही काय लिहून ठेवलंय याच्याशी तिला घेणंदेणं नाही. नुसतं स्टॉप करून भागत नाही, डिसेबल पण करा, नाहीतर रीबूट झालं की पुन्हा तीच रडकथा.

साध्या डेस्कटॉपवर यातलं काहीच करू नका, तिथे तीच सर्व्हिस बरं काम करते.

मुळात दुखणं हेच आहे का ते बघा. एमपीस्टॅट (कुठला कोअर कशात वेळ घालवतो ते दाखवणारी कमांड) सगळ्या कोअरसाठी लावा, एकाच कोअरचा सॉफ्टचा, म्हणजे सॉफ्ट इंटरप्टच्या टक्क्यांचा, कॉलम नव्वदीत आणि बाकीचे झोपलेले असतील तरच पुढे जा. प्रॉक इंटरप्ट्स या फाइलमधले आकडे बूट झाल्यापासूनची बेरीज असते, त्यामुळे मोठा आकडा बघून घाबरू नका, वॉच कमांड लावून आत्ता कुठला वाढतोय ते बघा. रूटचे अधिकार हवेतच. कुठला इंटरप्ट कुठल्या कोअरवर आहे त्या जुन्या व्हॅल्यू कॉपी करून ठेवा.

मग ईथटूल कमांडने रांगा किती ते बघा. एकच रांग असेल तर तिचा एकच इंटरप्ट, तो कसा वाटणार, तिथे आरपीएस (कर्नलची पॅकेट वाटायची सोय) वापरा, म्हणजे निदान पुढचं पॅकेटचं काम तरी वेगवेगळ्या कोअरवर जातं. रांगांची संख्या बदलायची असेल तर ती आधी बदला आणि मग कोअर लावा, कारण संख्या बदलली की इंटरप्ट बहुतेक नव्याने तयार होतात आणि केलेलं सगळं वाया. बऱ्याच कार्डांवर लिंकही क्षणभर पडते, एसएसएचवर बसला असाल तर जपून. दोन सॉकेटची, म्हणजे दोन प्रोसेसरची, मशीन असेल तर कार्ड कुठल्या नुमा नोडवर, म्हणजे कुठल्या प्रोसेसरच्या बाजूला, आहे ते बघून त्याच बाजूचे कोअर घ्या.

आता मास्क, म्हणजे इंटरप्टला कुठले कोअर चालतील ते सांगणारा आकडा. एसएमपी अ‍ॅफिनिटी या फाइलमध्ये हेक्स (सोळाच्या पायाचा आकडा) चालतं, तिथे १० लिहिलं तर दहावा कोअर नाही, कोअर ४ मिळतो! डोकं शिणवू नका, शेजारीच लिस्टवाली फाइल आहे, तिच्यात सरळ ० किंवा ०-३ लिहा. आणि सुडो इको करून बाणाने फाइलमध्ये ढकलायला गेलात तर परमिशन डिनाइड येणार, कारण फाइल उघडतं तुमचं शेल, सुडो नाही, टी कमांड वापरा. एनव्हीएमई डिस्कच्या इंटरप्टवर इनपुट-आउटपुट एरर आला तर ते इंटरप्ट कर्नल स्वतः सांभाळतं, सोडून द्या.

लिहिलेलं परत वाचून खात्री होत नाही, इंटरप्ट खरंच कुठल्या कोअरवर जातोय ते कळायला इफेक्टिव्ह अ‍ॅफिनिटीची फाइल बघा. लगेच एकदा बघा, मग मिनिटभर थांबून परत बघा. मधल्या वेळात आकडा बदलला असेल तर आयआरक्यूबॅलन्स चालूच आहे, कार्डाला शिव्या देऊ नका, सर्व्हिसचं स्टेटस बघा. दुसऱ्या कामासाठी ती हवीच असेल तर तिच्या बॅनआयआरक्यू या पर्यायाने या इंटरप्टचे नंबर वगळा.

रीबूटला सगळं पुसलं जातं, इंटरप्टचे नंबरही बदलू शकतात, म्हणून स्क्रिप्टमध्ये नंबर नको, नावाने शोधा. ती स्क्रिप्ट सिस्टमडीत (बूट होताना सर्व्हिस चालू करणारी यंत्रणा) टाका, नेटवर्क आल्यानंतर चालेल अशी. एकदा रीबूट करून बघा. आणि रीबूटनंतर आयआरक्यूबॅलन्सचं स्टेटस.