लसूणघास पेरण्याआधी रानात पहार रोवून बघा

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा लसूणघास या चारापिकाच्या पेरणीचा काळ. आरएल-८८ या वाणाचे बियाणे आणि खत घरात आले की तयारी झाली, असे धरून चालू नका. हे पीक तीनेक वर्षे उभे राहते आणि त्याचे सोटमूळ किती खोल जाते, यावर कापण्या ठरतात.

वाफसा असताना, म्हणजे माती फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही अशा वेळी, रानात चार-पाच ठिकाणी पहार रोवा. वीतभर सहज जाऊन पुढे अडत असेल, तर खाली कडक थर आहे. दरवर्षी त्याच खोलीवर चालणारा रोटाव्हेटर आणि ओल्या रानात घातलेली ट्रॉली, बहुतेक वेळा कारण हेच. पाणी त्या थरावर तुंबते, सोटमूळ आडवे वळते, हवा नसल्याने मुळांवरच्या, हवेतला नत्र धरणाऱ्या गाठी नीट काम करत नाहीत. मग दोन-चार कापण्यांतच रोपे मरून वाफ्यात टक्कल पडते. वरून युरिया टाकून ते भरत नाही.

पण म्हणून लगेच सबसॉयलर (खालचा कडक थर फोडणारे अवजार) मागवू नका. पावसाळ्यानंतर काळ्या रानात खोलवर ओल असते. ओल्या मातीत फाळ नुसती चीर पाडतो, थर फुटत नाही. ते काम एप्रिल-मेमध्ये, रान खोलवर वाळल्यावर करा. यंदा त्या तुकड्यात चाऱ्यासाठी आफ्रिकन टॉल या वाणाचा मका घ्या आणि लसूणघास निचऱ्याच्या रानात न्या.

पेरणीसाठी रान भुसभुशीत हवे, पीठ नको. फार बारीक केलेल्या मातीवर पहिल्या पाण्यानंतर पापडी धरते आणि एवढेसे बी वर येऊ शकत नाही. हेक्टरी २५ किलो बियाणे, ओळींत ३० सें.मी. अंतर, खोली १ ते २ सें.मी. पुरे. शेणखत चांगले कुजलेले द्या, नाहीतर तणाचे बी तुम्हीच पेराल.

आणखी एक तपासणी फुकटात होते. वाळलेले छोटे ढेकूळ ग्लासभर स्वच्छ पाण्यात, पावसाचे असेल तर उत्तम, अलगद सोडा, हलवू नका. ते नुसते फुटून तळाशी बसले तर मोठी काळजी नाही. भोवती दुधासारखा गढूळपणा पसरला तर रान चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेले, असण्याचा संभव आहे. माती परीक्षण करूनच जिप्सम द्या. चुनखडीच्या जमिनीत गंधक बरे पडते.

पीक उभे राहिल्यावर आधी कापणी, मग पाणी हा क्रम मोडू नका. ट्रॉली बांधावरच थांबवा, भारे डोक्यावरून आणा. मजुरी थोडी जास्त जाते, पण चाकोरीतला घास वाचतो.