अँपला हात लावण्याआधी: गिटारच्या व्हॉल्यूम आणि टोनची तयारी

इलेक्ट्रिक गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब कायम दहावर ठेवून सगळी कसरत अँपवर (अँप्लिफायरवर) करायची सवय असेल, तर हातापाशी असलेला हाच गेनचा, म्हणजे आवाज किती फाटावा ते ठरवणारा, नॉब वायाच जातो. तो कामी यावा म्हणून पुढची तयारी तालमीच्या आदल्या दिवशी करून ठेवायची, ऐनवेळी नाही.

सुरुवात पॉटपासून, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या रोधापासून (पोटेन्शिओमीटर). अँपचा आवाज कमी ठेवून प्रत्येक नॉब दोन्ही टोकांपर्यंत दहा-पंधरा वेळा फिरवा. खरखर येत असेल तर आतल्या पट्टीवर मळ आहे. गिटार अँपपासून सोडवा, मागचं झाकण उघडा, पॉटच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा आणि पुन्हा फिरवा. नॉब दांड्यावर ढिला नाही ना, आकडा दहावर असताना पॉट खरंच टोकाला पोचलाय ना, हेही बघा. मागचं झाकण उघडलंच आहे तर पॉटवरचा छापील आकडा वाचून घ्या. पिकअप म्हणजे तारांचं कंपन टिपणारा भाग; सिंगल कॉइलला (एका वेटोळ्याच्या पिकअपला) साधारण 250 किलोओहम, हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या पिकअपला) 500 किलोओहम ही रूढ जोडी. उलटी जोडी असेल तर सिंगल कॉइल टोचरं वाजतं आणि हंबकर दबलेलं. आकड्यासोबत बहुतेक वेळा A किंवा B असतं. A म्हणजे ऑडिओ टेपर, कानाला सारखा वाटेल असा बदल करणारा. व्हॉल्यूमला B, म्हणजे लिनिअर (रोध सम प्रमाणात बदलणारा) पॉट असेल तर क्लीन (आवाज न फाटलेल्या) अँपवर बराच वेळ काहीच बदलत नाही आणि तळाशी आवाज एकदम कोसळतो.

आता सगळ्यात जास्त तक्रार येते ती गोष्ट: व्हॉल्यूम कमी केला की आवाज गढूळ होतो. पॉट खाली आणला की पिकअप आणि केबल यांच्यामध्ये रोध वाढतो. तो रोध आणि केबलची कपॅसिटन्स (विद्युत धारिता) मिळून ट्रेबल, म्हणजे आवाजातली वरची धार, गाळून टाकतात. केबलची कपॅसिटन्स मीटरमागे 100 पिकोफॅरडच्या आसपास धरा. म्हणजे सहा मीटरला 600. म्हणून पहिला इलाज फुकटचा: गरजेपुरतीच लांब केबल. तेवढ्याने भागलं नाही तर ट्रेबल ब्लीड, म्हणजे ट्रेबलला वेगळी वाट देणारी छोटी जोडणी, लावा: व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट आणि मधल्या टोकादरम्यान 1000 पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर 150 किलोओहमचा रेझिस्टर. नुसता कपॅसिटर लावू नका. मग तीन-चारवर बेस गेल्यासारखा वाटतो, उरतो तो पातळ, कर्कश आवाज. दुसरा मार्ग फिफ्टीज वायरिंगचा (1950 च्या दशकातल्या जोडणीचा). त्यात टोनची तार व्हॉल्यूम पॉटच्या इनपुटऐवजी मधल्या टोकाला जाते. ट्रेबल बऱ्यापैकी टिकतं, पण टोन फिरवला की आवाजही थोडा हलतो. डिस्टॉर्शनमध्ये (फाटलेल्या आवाजात) वाजवणाऱ्याला हा दुसरा मार्ग जास्त मानवतो, कारण व्हॉल्यूम उतरवताना थोडं ट्रेबल गेलेलं तिथे बरंच वाटतं.

गिटार आणि अँपमधल्या पेडलांची (पायाने चालवायच्या इफेक्टांची) रांगही तपासा. जुन्या धाटणीचा दोन ट्रान्झिस्टरचा फझ (आवाज जोरात फाडणारं पेडल) गिटारला थेट जोडलेला हवा. मध्ये बफर (सिग्नल टिकवणारं सर्किट) आला तर व्हॉल्यूम उतरवूनही तो साफ होत नाही. ड्राइव्हच्या (आवाज फाडणाऱ्या पेडलच्या) आधी कॉम्प्रेसर (पातळी एकसारखी करणारं पेडल) असेल तर तुम्ही कमी केलेलं तो परत वर उचलतो. नॉइज गेटचा (हळू आवाज बंद करणाऱ्या पेडलचा) उंबरा, म्हणजे तो कुठल्या पातळीखाली बंद होतो ते, व्हॉल्यूम तीनवर ठेवून ठरवा, नाहीतर हळू वाजवलेल्या सुरांच्या शेपट्या कापल्या जातील.

मग अँप. सगळे ईक्यू नॉब (बेस, मिडल, ट्रेबल) मध्यावर ठेवा, गिटार दहावर, आणि सोलोला हवा तितकाच गेन चढवा. आता गिटार सातवर आणून ऱ्हिदम वाजवा, चारवर आणून हलक्या हाताने कॉर्ड छेडा. तिन्ही ठिकाणी आवाज कामाचा हवा. चारवरही घट्ट डिस्टॉर्शन राहत असेल तर गेन जास्त आहे, तो कमी करा. ट्रेबल मात्र गिटार सातवर असतानाच जुळवा. दहावर जुळवलं तर खाली आल्यावर अँप झोपल्यासारखा वाटतो. एक लक्षात ठेवा: डिस्टॉर्ट होणाऱ्या अँपमध्ये दहावरून सातवर येताना आवाजाची पातळी फारशी पडत नाही, डिस्टॉर्शन तेवढं कमी होतं. क्लीन अँपमध्ये याच्या उलट, नॉब मुख्यतः पातळीच हलवतो.

टोनच्या बाबतीत दहा आणि शून्य हीच दोन ठिकाणं वापरली जातात, आणि मधला सगळा प्रदेश पडीक राहतो. ब्रिज (घोडीजवळचा) पिकअप आणि भरपूर गेन असेल तर टोन सात-आठवर आणा; कानाला बोचणारी धार जाते, पिकचा (तारा छेडायच्या पट्टीचा) ठोका राहतो. शून्यावर, हंबकर आणि चढलेल्या गेनसोबत, एरिक क्लॅप्टनच्या क्रीम या बँडच्या काळातला तो गोल, मानवी गळ्यासारखा आवाज मिळतो. टोनचा कपॅसिटर 0.022 मायक्रोफॅरडचा असेल तर शून्यावरही सूर ओळखू येतो, 0.047 चा जास्त काळोख करतो. पारंपरिक स्ट्रॅटमध्ये (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये) ब्रिज पिकअपला टोन नॉब जोडलेलाच नसतो. तुमच्यात तसं असेल तर मधल्या टोनची तार तिकडेही नेऊन घ्या.

दोन व्हॉल्यूम असलेल्या गिटारवर पिकअप निवडायचा स्विच मधोमध ठेवून एक व्हॉल्यूम शून्यावर आणून बघा. नेहमीच्या वायरिंगमध्ये दोन्ही पिकअप गप्प होतात. तेव्हा दोन पिकअपचं मिश्रण हवं असेल तर कमी करायचा व्हॉल्यूम शून्यापर्यंत न नेता मधेच थांबवा.

शेवटी नेलपॉलिशने चार आणि सातच्या जागी बारीक ठिपके द्या. मंद उजेडात आकडे दिसत नाहीत, ठिपका दिसतो. आणि वाजवता वाजवता करंगळीने नॉब सातवरून दहावर नेण्याचा सराव मेट्रोनोम लावून करा, एका ठोक्याच्या आत.