कुत्र्या-मांजराचा पाय लुळा पडला? या चुका टाळा

"डॉक्टर, याला लकवा मारलाय." एवढं ऐकून व्हिटॅमिन बी-१२ची इंजेक्शनं सुरू होतात. लकवा हे लक्षण झालं, निदान नव्हे. कोणती नस गेली, की नसा शाबूत असून बिघाड वर मज्जारज्जूत आहे, हे आधी ठरवायला हवं.

सगळ्यात महागात पडणारी चूक चिमट्याची. बोटाला चिमटा काढला, कुत्र्याने पाय आखडून घेतला, की "संवेदना आहे" असं केसपेपरवर लिहून मोकळे होतात. पण पाय आखडणं ही मज्जारज्जूतल्या तेवढ्याच भागाची स्थानिक प्रतिक्रिया असते. पाठीच्या मध्यावर मज्जारज्जू पूर्ण तुटला असला तरी ती टिकते, कधी कधी अगदी जोरात येते. म्हणून फोर्सेप्सने बोटाचं हाड दाबताना नजर पायावर नको, तोंडावर हवी. कुत्रा मागे वळून पाहतो का, केकाटतो का, चावायला येतो का? पाय झटकन वर गेला आणि कुत्रा मात्र मालकाकडे बघत शांत बसून राहिला, तर डीप पेन, म्हणजे मेंदूपर्यंत पोहोचणारी खोल वेदनेची जाणीव, नाही असंच धरा. उलटही होतं: पाय जागचा हलत नाही, पण कुत्रा कळवळतो. तिथे मेंदूपर्यंतची वाट चालू आहे, स्नायूची नस गेली आहे.

चिमटाही एकाच बोटाला काढून भागत नाही. मागच्या पंजाच्या आतल्या बाजूची संवेदना मांडीच्या पुढच्या बाजूच्या फिमोरल नसेच्या सॅफिनस शाखेतून जाते, बाकी पंजाची मांडीच्या मागून जाणाऱ्या सायॅटिक नसेतून. सायॅटिक पूर्ण गेलेला कुत्राही आतल्या बोटाला चिमटा काढल्यावर ओरडतो आणि खुब्यातून पाय उचलतो. घोटा मात्र वाकत नाही. आतलं आणि बाहेरचं बोट वेगवेगळं तपासा.

सायॅटिकच्याच केसमध्ये गुडघ्याचा रिफ्लेक्स फसवतो. हातोडी मारली की पाय नेहमीपेक्षा जोरात उडतो आणि विद्यार्थी बिघाड वर मज्जारज्जूत शोधायला लागतात. खरं कारण साधं आहे: मांडीच्या मागच्या स्नायूंचा लगाम सुटलेला असतो. फिमोरल चांगली असल्याने असा कुत्रा त्या पायावर भार घेऊ शकतो, फक्त पंजा उलटा पडतो.

आणि ही सायॅटिक बऱ्याचदा आपल्याच सुईने जाते. हडकुळ्या भटक्या कुत्र्याला किंवा पिल्लाला मांडीच्या मागच्या बाजूला इंजेक्शन टोचायचं, पाय लुळा पडला की त्याच मांडीत बी-१२ द्यायचं, हा प्रकार थांबवा. मांडीच्या पुढचा स्नायू किंवा कंबरेवरचे स्नायू वापरा.

मज्जारज्जूच्या खंडाचा (नसांची एक जोडी निघते तेवढा भाग) आणि मणक्याचा नंबर एकच समजू नका. कुत्र्याचा मज्जारज्जू साधारण कमरेच्या ६व्या मणक्यापाशी संपतो. त्यामुळे मागच्या पायांना नसा देणारे खंड त्याच नंबरच्या मणक्यांच्या बरेच पुढे, डोक्याच्या दिशेला असतात.

पुढच्या पायात आधी कोपर बघा. कोपर ताठ राहतं आणि पंजाच उलटतो, तर रेडियल नस (कोपर आणि पंजा सरळ करणारी) खाली, दंडाच्या हाडापाशी दुखावली असण्याचा संभव आहे. कोपरच गळालं असेल तर इजा वर असते. गाडीने उडवलेल्या कुत्र्यात मग डोळा बघायलाच हवा. त्याच बाजूची बाहुली बारीक आणि तिसरी पापणी वर आलेली असेल, तर काखेतल्या नसांच्या जाळ्याची मुळं मज्जारज्जूपासूनच उपटली गेली असावीत. ती बी-१२ने परत जुळत नाहीत. पण पंजात डीप पेन असेल तर पाय कापायची घाई नको. नस वाढते दिवसाला साधारण १ मिलिमीटर, तेव्हा महिने लागतात. तोवर पंजाचा वरचा भाग घासून जखमा होतात आणि मुंग्या येतात म्हणून कुत्रा स्वतःचीच बोटं चावतो. बूट आणि गळ्यात कोन (चावता येऊ नये म्हणून घालायची कॉलर), दोन्ही हवेत.

मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे. तिच्या दंडाच्या हाडात खालच्या टोकाला आतल्या बाजूने एक छिद्र असतं आणि मीडियन नस त्यातून जाते. कुत्र्यात हे छिद्र नसतं. तिथे मोडलेलं हाड बसवताना कुत्र्याच्या सवयीने हात चालवला तर नस जाते.

धडधाकट मांजर अचानक किंचाळली आणि मागचे दोन्ही पाय ओढायला लागली, की "कुठून तरी पडली असेल" म्हणून एक्स-रेसाठी वेळ घालवू नका. पंजे हाताला गार लागतात का, नखांचा तळ निळसर आहे का, जांघेत नाडी लागते का, पोटऱ्या कडक झाल्यात का? तसं असेल तर महाधमनीत गुठळी अडकून रक्ताविना नसा आणि स्नायू मरायला लागलेत, आणि मूळ दुखणं बहुधा हृदयाचं असतं. पाय शेकू नका, चोळू नका. वेदना कमी व्हावी म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर अजिबात देऊ नका, मांजराला ती जीवघेणी ठरते. ऑक्सिजनची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच न्या.