मॉलमधली सेफ्टीची नोकरी: ‘बेल्ट घातलाय’ यावर थांबू नका

एक वर्षाचा एडीआयएस (औद्योगिक सुरक्षेचा) डिप्लोमा झाला की सगळ्यांना मोठी बांधकाम साइट हवी असते. मॉल नाहीतर ऑफिस इमारत मिळाली की चेहरे पडतात. मी दोन्हीकडे काम केलंय. साइटवर उंची डोळ्यांना दिसते, चालू इमारतीत ती शोधावी लागते, आणि ती नजर तिथेच तयार होते.

झुल्यावर लटकून काचा पुसणाऱ्यांकडे अख्ख्या मॉलचं लक्ष असतं. मला धास्ती वाटते ती ‘पाच मिनिटांच्या’ कामांची. फॉल्स सीलिंगमधला दिवा बदलायचाय, पोर्चवरच्या पत्र्याचं पन्हाळं तुंबलंय. उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे उन्हाने ठिसूळ होतात, वर धूळ बसली की शेजारच्या सिमेंटच्या पत्र्यांपासून वेगळे ओळखूही येत नाहीत. माणूस कडेवरून जात नाही, पायाखालचा पत्रा फुटून जातो. सिमेंटच्या पत्र्यावरही फळी टाकल्याशिवाय कुणाला पाऊल ठेवू देऊ नका.

एकदा एसीवाला पोरगा छज्ज्यावर उतरलेला. फुल बॉडी हार्नेस, म्हणजे खांदे-मांड्यांना धरणारा सेफ्टी बेल्ट, पट्टे नीट आवळलेले.

“हुक कुठे लावलाय?”

“लावलाय की साहेब, हे काय.”

हुक होता एसीच्याच ब्रॅकेटला. ज्या ब्रॅकेटचे बोल्ट गंजलेत म्हणून तो उतरला होता, त्याच ब्रॅकेटला! त्याला आत घेतलं, आणि शेवटी ते युनिट खिडकीतून आत ओढून दुरुस्त झालं. हा प्रश्न आधी विचारायचा असतो: वर चढायलाच हवं का? मग कठडा, मग परांची किंवा माणसाला उचलून धरणारी कामाची लिफ्ट. हार्नेस सगळ्यात शेवटी.

हार्नेसचा हिशेबही एकदा कागदावर मांडा. लॅनयार्ड (हार्नेस ते हुक हा दोर) 1.8 मीटर, त्यावरचा झटका झेलणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर उघडला की आणखी पावणेदोन मीटरपर्यंत, हार्नेसच्या पाठीवरच्या रिंगपासून पायापर्यंत दीड, वर एक मीटर राखीव. म्हणजे अँकरच्या, हुक लावलेल्या जागेच्या, खाली सहा मीटर मोकळे असायला हवेत. साडेचार मीटरवर पायाशी हुक लावलेला माणूस शॉक अ‍ॅब्सॉर्बर पूर्ण उघडायच्या आत जमिनीवर आलेला असू शकतो. आणि दोराने धरलंच, तर त्याला काही मिनिटांत खाली कोण घेणार? “फायर ब्रिगेडला फोन करू” हे उत्तर परमिटवर, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीवर, चालवून घेऊ नका.

येणाऱ्या-जाणाऱ्यांचंही बघायचं असतं, हे अभ्यासक्रमात फारसं येत नाही. कठडा नियमाप्रमाणे असतो, मग दिवाळीत डेकोरेशनवाले त्याला लागून बाकडी आणि कुंड्या मांडतात. 1.2 मीटरच्या कठड्याजवळ 45 सेंटिमीटरचं बाकडं आलं, की त्यावर उभ्या राहिलेल्या पोरासाठी कठडा उरतो 75 सेंटिमीटर. आडव्या पट्ट्यांचं रेलिंग तर मुलांना शिडीच वाटते. बाकडी हलवा म्हटलं की मार्केटिंगवाले कुरकुरतात. कुरकुरू द्या, पण सांगायचं ते ईमेलवर सांगा.

पहिल्या आठवड्यात टेबलावर बसू नका. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, हाउसकीपिंगचा सुपरवायझर यांच्याबरोबर इमारत फिरा आणि कोण कुठे चढतं ते त्यांच्याच तोंडून ऐका. घडीच्या शिडीचा एक पाय विटेवर टेकवून काम चालतं ती जागा कुठल्याही नकाशात सापडणार नाही, त्यांना मात्र पाठ असते. परमिटवर सही करताना ‘हार्नेस: होय’ एवढ्यावर सही देऊ नका, हुक कुठे लावणार त्या जागेचा फोटो मागा.