जेंटामायसिन भरण्याआधी: लुळं पडलेलं बाळ आणि बोट्युलिझम

तीन-चार महिन्यांचं बाळ पिईनासं झालं, लोळागोळा झालं, की पहिला संशय सेप्सिसचा (रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाचा) येतो आणि अँपिसिलिनबरोबर जेंटामायसिन ही अँटिबायोटिकं सुरू होतात. बोट्युलिझम, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषाने येणारा लुळेपणा, असेल तर हेच जेंटामायसिन घात करतं. म्हणून सिरिंज भरण्याआधी पाच मिनिटं काढाच.

आईला विचारा: शेवटची शी कधी झाली? बद्धकोष्ठ बहुतेकदा सगळ्यात आधी येतं. मग चोखण्यातला जोर जातो, रडणं बारीक होतं, पापण्या उतरतात, मान सावरत नाही. लुळेपणा चेहऱ्याकडून खाली उतरतो, दोन्ही अंगांना सारखा, आणि ताप सहसा नसतो. खोलीत अंधार करून डोळ्यावर टॉर्चचा उजेड टाका, काढा, पुन्हा टाका. असं एक ते तीन मिनिटं सलग करत राहा. आधी चटकन आकसणारी बाहुली हळूहळू दमत गेली, तर संशय पक्का धरा.

मोठ्या आतड्यात वाढणारे जंतू जे विष सोडतात, ते मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन (स्नायूला हुकूम पोचवणारं रसायन) अडवतं. जेंटामायसिन, अमिकासिन, टोब्रामायसिन ही औषधं त्याच टोकात कॅल्शियम शिरू देत नाहीत. उरलंसुरलं ॲसिटिलकोलिनही अडतं आणि श्वास थांबू शकतो. शिरेतलं मॅग्नेशियमही असंच वागतं, क्लिंडामायसिनही टाळावं.

सेप्सिस नाकारता येत नसेल तर ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी) घ्या आणि जेंटामायसिनऐवजी सेफोटॅक्सिम द्या. डोस आधीच गेला असेल तर पुढचा थांबवा, श्वासनळीत नळी घालण्याची तयारी खाटेशी ठेवा. नुसत्या ऑक्सिजनच्या आकड्यावर विसंबू नका, तो उशिरा घसरतो. खोकला, गिळणं आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड पाहा.

बोट्युलिझमवर अँटिबायोटिक हा इलाज नाही. आतड्यातले जंतू फुटले तर आतलं विष मोकळं होण्याची भीती असते. न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग झाला तरच, तेवढ्यापुरतं द्यावं. खरा इलाज म्हणजे मानवी अँटिबॉडीचं बेबीबिग, शिरेतून एकदाच. औषधाच्या चाचणीत त्याने रुग्णालयातला सरासरी मुक्काम 5.7 आठवड्यांवरून 2.6 वर आला. शीचा रिपोर्ट येईपर्यंत ते अडवून ठेवू नका.

नमुन्यासाठी शी होत नसेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या निर्जंतुक पाण्याचा थोडा एनिमा द्या. ग्लिसरिनची कांडी नको, तपासणीत अडथळा येतो.